“बारीक माणसाला हार्ट अटॅक येत नाही” म्हणणाऱ्यांसाठी

“सावजी सोडा, तर्री सोडा, सकाळी जवस खा, अंबाझरीला फिरा, कोलेस्ट्रॉल आपोआप उतरतं. बारीक, शाकाहारी माणसाला अटॅक येत नाही. चाळिशीआधी तपासायची गरज नाही. कोलेस्ट्रॉलची स्टॅटिन गोळी हा कंपन्यांचा धंदा.” आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा फिरला. माझा धाकटा भाऊ बारीक, माळकरी, ऑफिसला सायकलने जाणारा. ४१व्या वर्षी त्याला अटॅक आला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, २३८, खूपच जास्त.

शरीरातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल ताटातून येत नाही, शरीरच ते बनवतं. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. भावाला आहे त्या आनुवंशिक आजारात (फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया) बहुधा याच रिसेप्टरच्या जनुकात दोष असतो, म्हणून एलडीएल जन्मापासून साचत जातं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. जवस खा, फिरा, चांगलंच आहे. पण पथ्याने एलडीएल फार तर १०-१५ टक्के उतरतं. २३८चं २०५ झालं, तरी धोका तिथेच.

भावाच्या टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी) कित्येक वर्षं जाड होती. आम्ही म्हणायचो, सायकलमुळे असेल. ते साचलेलं कोलेस्ट्रॉल होतं. बाबा ४६व्या वर्षी गेले तेव्हा सगळे म्हणाले, टेन्शन घेतलं. कोणी आम्हा भावांचं रक्त तपासलं नाही.

चाळिशीची वाट पाहा, हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. साधारण २५० माणसांत एकाला हा दोष असतो आणि त्याच्या प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता निम्मी. उपचार न झालेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. ११ वर्षांच्या पुतणीचा नाही.

कंपन्या पैसा कमावतात, खरं आहे. पण स्टॅटिन यकृताचं कोलेस्ट्रॉल बनवणं रोखतं, मग यकृत जास्त रिसेप्टर तयार करून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. काहींचे स्नायू दुखतात. तेव्हा डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. मनाने बंद करायची नसते. या आजारात मुलांनाही ८-१० वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीत ती देतात. पुतणीची सुरू झाली आहे.

मेसेज टाकणारे काका, राग मानू नका. तुमचे थोरले भाऊ ४४व्या वर्षी गेले, तुम्हीच सांगितलं होतं. त्यांच्या मुलांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी, झालं का? आणि तुमचं?