निवांत, चौथ्या मजल्यावर

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी घरात जाहीरच करून टाकलं होतं: धावपळ बंद. सात दिवसांत नऊ ठिकाणं हा छळ या वेळी नाही. एक गाव, एक घर, समोर कालवा आणि बुडाखाली खुर्ची. गाव ठरलं अॅमस्टरडॅम. घराच्या जाहिरातीत 'शांत, ऐतिहासिक, कालव्यासमोर' हे ठळक होतं. 'चौथा मजला' बारीक अक्षरांत होतं आणि जिन्याचा फोटो नव्हता.

आम्ही घंटा वाजवली. वरून कुणीतरी दोरी ओढली आणि रस्त्यावरचं दार आपोआप उघडलं. तिथल्या काही जुन्या घरांत अजून ही सोय आहे. दाराच्या खिटीपासून पार वरपर्यंत दोरी नेलेली असते, म्हणजे दार उघडायला कुणी खाली उतरायला नको. काय हौशी लोक आहेत, असं मी बायकोला म्हणालो. मग आत पाहिलं आणि कळलं की ही हौस नव्हे, नाइलाज आहे.

समोर होती ती शिडी. कुणीतरी तिला कार्पेट चिकटवून जिना म्हणायला लावलं होतं. पायरी माझ्या पावलाच्या निम्मी, त्यामुळे चवडा नेदरलँड्समध्ये आणि टाच अधांतरी. कठड्याच्या जागी दोरखंड. सत्तरीच्या मालकीणबाई भिंतीकडे तोंड करून, खलाशासारख्या सरसर उलट्या उतरल्या आणि खाली येऊन, धाप न लागता, "प्रवास कसा झाला?" म्हणाल्या.

"सामान कसं न्यायचं?" मी विचारलं.

त्यांनी आकाशाकडे बोट केलं. घराच्या कपाळातून एक तुळई बाहेर आली होती आणि तिला लोखंडी आकडा होता. १६१३ साली शहराभोवती कालव्यांची ही वलयं खणायला घेतली, तेव्हा काठावरच्या जागा अरुंद आणि खोल पाडल्या. मग जिन्यावर जागा कोण उधळणार? कपाटं, पलंग, पेट्या त्या आकड्याला कप्पी लावून खिडकीतून आत घ्यायच्या. वर जाणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम रस्त्याकडे कललेली बांधली. आमचं घर आता पडतंय की काय, ही माझी भीती अशा रीतीने गेली. ते पडत नव्हतं, आमची फजिती नीट दिसावी म्हणून पुढे वाकलं होतं.

"अहो, बॅगेबरोबर तुम्हालाही वर ओढतील का विचारा," बायको म्हणाली.

कप्पी जागेवर नव्हती. तेवीस किलोची बॅग ती वरून ओढत होती आणि मी खालून डोक्याने रेटत होतो. तिसऱ्या वळणावर बॅग, भिंत आणि मी असे घट्ट बसलो की कुणालाच हलता येईना. माझ्या कानाला काहीतरी टोकदार लागत होतं. 'असू दे' म्हणून घेतलेली इस्त्री, असं वरून कळलं. त्या शहरातला राजवाडा पोचट जमिनीत ठोकलेल्या १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. माझ्याकडे दोनच गुडघे.

त्यानंतर आमचा सगळा दिनक्रम त्या जिन्याने ठरवला. वर राहिलेली वस्तू वरच राहायची. रेगुलियर्सग्राख्त नावाच्या कालव्यावर एका कोपऱ्यातून एकामागे एक सात पूल दिसतात, तो देखावा मी चष्मा विसरल्यामुळे चौदा पुलांचा पाहिला. छत्री विसरलो त्या दिवशी अर्थातच पाऊस आला.

बरं, खाली तरी निवांतपणा होता का? एका पुलाजवळ मी पाण्यात पडलेलं कमानीचं प्रतिबिंब बघत उभा राहिलो. उभा होतो ती वाट सायकलींची निघाली. एक बाई पुढच्या खोक्यात दोन मुलं, एका हातात आइस्क्रीम अशा थाटात आल्या आणि अशी घंटी वाजवली की डच न येणाऱ्यालाही तिचा अर्थ कळावा. तिथले लोक गमतीने सांगतात की कालवा तीन मीटर खोल आहे, एक मीटर चिखल, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी. खरोखरच दरवर्षी हजारो सायकली यारीच्या पंज्याने वर काढतात. त्या बाईंची सायकल त्यात कधी नसणार याची मला खात्री आहे. माझी चप्पल असू शकते.

रात्री झोपावं म्हटलं, तर तिथे जूनमध्ये सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो. बाराच्या उन्हात जेवायची सवय असते, दहाच्या उजेडात झोपायची कुणाला असते? जरा डोळा लागला की जवळच्या वेस्टरकेर्कच्या घंटा. दर पाव तासाला. चित्रकार रेम्ब्रांटला याच चर्चमध्ये पुरलंय, नेमकं कुठे ते कुणालाच माहीत नाही. त्या घंटांखाली निवांत पडलेला माझ्या माहितीतला तो एकटाच.

पाचव्या संध्याकाळी दूध घेऊन आलो आणि दारापाशी पायांनी संप केला. उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर बसलो. शेजारीपाजारी फुटपाथवर खुर्च्या, टेबल, वाइन मांडून बसले होते. चार दिवस मी याला त्यांची रसिकता समजत होतो. आता नीट पाहिलं तर एकाच्या पायाशी भाजीची पिशवी होती. तोही नुकताच घरी आला होता.

समोर बांधलेल्या बोटीच्या टायरवर एक काळा पक्षी घरटं सावरत होता. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे आपण ज्याला वारकरी म्हणतो, तोच. घरट्यात काड्या कमी, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि आइस्क्रीमचे कागद जास्त. एक निळी नळी तो चोचीत धरून इकडे खोचायचा, बघायचा, उपसून तिकडे खोचायचा. एक बोट गेली, घरटं वरखाली झालं, त्याने ढुंकून पाहिलं नाही. तळमजल्याच्याही खाली राहणारा जीव तो. मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. दोनदा घंटा झाल्या आणि मला त्या चक्क बऱ्या वाटल्या.

"अहो, दूध आणलंत का?" वरच्या खिडकीतून हाक आली. मागोमाग खट्ट झालं. तिने दोरी ओढली होती. पाठीमागे दार उघडलं आणि अंधारात वर जाणाऱ्या पायऱ्या मला न बघताही दिसल्या.

मी हात मागे नेला आणि दार हळूच ओढून घेतलं.