म्युझिक फेस्टिवलला टेंट घेऊन जाताय? मग शिधा घरून न्या

थंडी पडली की आपल्या पुण्यातून पवना, मुळशी, पानशेतकडे टेंट आणि गाण्यांच्या वीकेंडला जाणाऱ्यांची झुंबड उडते, आणि आता तर बरीच पोरं थेट अरुणाचलच्या जिरोपर्यंत जायला लागलीत. जा की, वय आहे. पण बघतेय, तिकीट, टेंटचं भाडं, पेट्रोल सगळ्याचा हिशोब व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुपयापर्यंत मांडलेला असतो आणि खाण्यापुढे लिहिलेलं असतं "तिथे बघू". हे "तिथे बघू" सगळ्यात महागात पडतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमधे एक तरी जण असा असतो ज्याचे पैसे तिकिटातच संपलेले असतात, तो मग "मला भूक नाहीये रे" म्हणत दुसऱ्यांच्या प्लेटमधले दोन फ्राइज उचलतो आणि तसाच झोपतो. मला याचा खरंच त्रास होतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझं म्हणणं साधं आहे. दिवसाला एक गरम जेवण स्टॉलवर घ्या, चांगलं, पोटभर, आवडीचं. बाकी सगळं खाणं घरून आणि सगळ्यांचं मिळून. वारीत दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, भरली की कोणाच्या खिशात किती आहेत हा प्रश्नच उरत नाही ना, जेवायला सगळे एका पंगतीत, तसंच करा. निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांकडून सारखे पैसे काढा आणि एकाच माणसाकडे द्या. दोन रात्रींसाठी माणशी ४००-५०० रुपयांत नाश्ता, रात्रीचं खाणं, मधलं चरणं सगळं बसतं, सामान मार्केट यार्डातून किंवा रविवार पेठेतून घेतलंत तर थोडे उरतातही.

आता रात्रीच्या खाण्याबद्दल, कारण पैसे तिथेच जातात. खुल्या जागेत स्पीकर रात्री १० ला बंद करायचा नियम आहे, खास परवानगी असेल तर १२ पर्यंत. म्हणजे आपल्याकडच्या कॅम्पला मोठं स्टेज लवकर बंद होतं, त्यानंतर गिटार घेऊन गप्पा सुरू होतात, आणि नाचून आलेल्या पोरांना ११-१२ वाजता जी भूक लागते ती भयंकर असते. तेव्हा जो एखादा स्टॉल उघडा असतो तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. म्हणून टेंटमधे खायला असलंच पाहिजे. दशम्या सगळ्यात बेस्ट, दुधात पीठ मळलेलं असलं की थंडीत दोन-तीन दिवस मऊ राहतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा ठेचा. मेथीचे ठेपले पण टिकतात. गूळपोळी तर आठवडाभर हलत नाही आणि एक खाल्ली की पोट गप्प. बटाट्याची भाजी मात्र नेऊ नका, प्लीज, सकाळी केलेली भाजी दुपारभर गाडीत तापते आणि रात्री खाल्ली की संपलं. भाताचं पण तेच. उकडलेली अंडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, त्यामुळे तीही वगळाच.

नाश्त्याला माझं मत दडपे पोह्यांना. शेगडी नको, गॅस नको, आणि तसंही टेंटमधे शेगडी पेटवायचीच नाही, आग लागते आणि बंद टेंटमधे धूर-गॅस कोंडून माणसं दगावलेली आहेत. फोडणी घरून करून न्यायची, तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे आणि मिरच्या अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळायच्या, कारण मिरचीत ओल राहिली तर फोडणी खराब होते. गार झाली की फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डबीत. सहा जणांना अर्धा किलो पातळ पोहे धरा. चाकू बऱ्याच ठिकाणी गेटवरच काढून घेतात, म्हणून कांदा बुक्कीने फोडायचा आणि हाताने मोकळा करायचा, टोमॅटो हातानेच कुस्करायचा. नारळ अख्खा न्यायचा, दगडावर फोडून त्याचं पाणी पोह्यांवर शिंपडायचं, खोबऱ्याचे तुकडे बरोबर चावून खायला. मीठ, साखर, लिंबू घालून कालवायचं आणि वर ताट झाकून १५-२० मिनिटं दडपून ठेवायचं, शेवटी फोडणी आणि चुरलेला पोह्याचा पापड. सकाळी आठ वाजता टेंटबाहेर बसून हे खाताना शेजारचे टेंटवाले वास घेत येतात, त्यांनाही द्या, अर्धा किलोत होतं. दुसऱ्या दिवशी सातूचं पीठ, गूळ आणि पाणी, झालं.

मधल्या चरण्याला भडंग, बाकरवडी, चिक्की. याच्यावर फार काय लिहायचं, पुणेकरांना कळतं.

पाण्याबद्दल मात्र मला जोरात बोलायचंय. दिवसभर उन्हात नाचणाऱ्या माणसाला तीन-चार लिटर पाणी लागतं, आणि हजारो रुपये तिकीट घेतल्यावर पिण्याचं पाणी विकत घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही. तिकीट काढायच्या आधी आयोजकांना सरळ मेसेज करून विचारा की आत पाणी भरून घ्यायची सोय आहे का, उत्तर नाही आलं तर परत विचारा. दहा जणांनी विचारलं की नळ लागतात. घरून पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फ्रीझरमधे गोठवून न्या, थर्माकोलच्या खोक्यात त्याच बर्फाचं काम करतात आणि वितळल्या की प्यायला. कोल्ड्रिंकऐवजी कोकमाचं आगळ प्लास्टिकच्या बाटलीत (काच आत सोडत नाहीत), साखर वेगळी. आणि कोणाला गरगरलं, जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा हां, हे प्रमाण फोनमधे लिहून ठेवा.

दारूचं पण बोलू, लपवण्यात काय अर्थ आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्डला २५ वय लागतं. ज्यांना प्यायचीय त्यांनी तिचे पैसे कॉमन भिशीतून अजिबात काढायचे नाहीत, न पिणाऱ्याने दुसऱ्याच्या बिअरचे पैसे का भरायचे? आत रोख पैशांऐवजी मनगटावरच्या बँडमधे आधी पैसे भरून खर्च करायचे असतील तर आकडा घरीच शुद्धीत ठरवा, आणि उरलेले परत कधी आणि कसे मिळतात ते नियमात वाचून घ्या. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी.

जिरोवाल्यांसाठी वेगळं. २०१२ पासून होतोय तो फेस्टिवल, बहुतेक सप्टेंबरअखेरीस, तेव्हा पाऊस असतो आणि दीड हजार मीटरवर रात्री चांगलंच गारठतं. इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा सरकारी परवाना), गुवाहाटी, तिथून नाहरलगुन, मग घाटरस्ता, म्हणजे प्रवासातच दशम्या संपणार. त्यामुळे तिकडे फक्त कोरडं न्या, गूळपोळी, सातू, चिवडा, मेतकूट, आणि बाकी बजेट तिथल्या आपातानी लोकांच्या स्टॉलवर खर्च करा, बांबूचे कोंब घातलेलं जेवण खा, पैसे त्या खोऱ्यातच राहूदेत. छोटा गॅस सिलेंडर मात्र रेल्वेत नेऊ नका, तो गुन्हा आहे, विमानातही चालत नाही.

आणि शेवटच्या सकाळचं. सगळे पैसे आदल्या रात्री उडवलेले असतात, आवरायला वेळ लागतो, ऊन चढतं, आणि ज्याला गाडी चालवायची तो उपाशी असतो. ड्रायव्हरसाठी दोन दशम्या आणि एक बाटली पाणी वेगळ्या पिशवीत पहिल्याच दिवशी बांधून ठेवा, वर त्याचं नाव लिहा आणि कोणालाही हात लावू देऊ नका. भिशीत उरलेल्या पैशांतून परतीच्या रस्त्यावर सगळ्यांना मिसळ.

फोडणीला तेल किती आणि आगळ किती पाण्याला किती हे ज्यांना हवंय त्यांनी विचारा, सांगते.