कोपरापर्यंत पाणी

धुळ्यात मे महिन्यात माणसांनी कसं जगायचं याचे नियम ठरलेले आहेत. दुपारी घराबाहेर पडायचं नाही, कूलरमध्ये पाणी भरत राहायचं आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकायचं. माशांसाठी मात्र कोणी काही ठरवून ठेवलेलं नाही. आमच्या टाकीत सहा गोल्डफिश आहेत, मुळात थंड पाण्याची जात. पारा ४३ वर गेला की टाकीतलं पाणीही तापतं, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि हे सहाही जण वर येऊन तोंडं उघडून ताटकळत राहतात. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर आम्ही राहतो तसे.

नेमका याच दिवसांत टाकीत हवा खेळवणारा पंप बंद पडला. नवा आणायचा तर उन्हात जावं लागलं असतं, म्हणून मी माळ्यावर चढलो. तिथे ऊन नव्हतं, उन्हाचा बाप होता. पण तीन जुने पंप सापडले.

पहिला हवेचा. तो माळ्यावर का गेला हे हातात घेताच आठवलं. हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा, हे मला ठाऊक नव्हतं. मी तो खालच्या कप्प्यात ठेवला होता. रात्री लाईट गेली आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली आलं. थोर इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नोकरीला लागले, आणि सुरुवातीच्याच काळात आमच्या खानदेशात पांझरा नदीच्या एका पाटावर त्यांनी नळाचा सायफन बांधला. माझा सायफन मी झोपेत बांधला. सकाळी लग्नाचा अल्बम तरंगत होता.

दुसऱ्याची वायर वाकवली तर तिला पापडासारख्या चिरा पडल्या. तो बाद.

तिसरा पाण्यात बुडवायचा. पिन लावली, नुसता घूंऽऽ आवाज. उघडून पाहिलं तर आतल्या चुंबकाच्या पंख्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढलेले. लिंबाच्या रसात भिजवावा म्हटलं, तर बायको म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात लिंबाचा भाव माहीत आहे का? मला सरबताला मिळत नाही!" शेवटी व्हिनेगरवर तडजोड झाली. तासाभराने पंखा फिरला. हा पंखा दर वेळी सुरू होताना कोणत्या बाजूने फिरेल याचा भरवसा नसतो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याची आठवण झाली.

पंप टाकीत सोडला, मासे खूश. नळी सरळ करायला हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आधी वाटलं, वय झालं. दुसऱ्यांदा घातला तेव्हा ओरडलो.

"मग माशांना कसं काही होत नाही?" बायकोची शंका रास्त होती. मासे तारेवरच्या पाखरांसारखे. त्यांचे पाय जमिनीला कुठे लागतात? माझे मात्र ओल्या फरशीवर होते, आणि अनवाणी.

गल्लीतला वायरमन मीटर घेऊन आला. पंपाच्या पोटातलं सील तडकलेलं होतं. "हाऊ पंप आते काही कामना नही, भो," त्याने निकाल दिला. जाताना बोर्डावर ईएलसीबी बसवायला सांगितला, म्हणजे ३० मिलीअँपिअर करंट गळला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. शिवाय वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे ओघळ तिथूनच टपकतो. आणि हात घालण्याआधी पिन काढायची.

बायकोने यातून एकच अर्थ काढला: हातमोजे. मी म्हटलं, करंटवर मोज्यांचा भरवसा नाही, पिन काढणं हाच उपाय. पण बोटाला काच लागलेली होती, आणि अशा जखमेतून टाकीतल्या पाण्यातला, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद शोभेल असा एक जंतू शिरतो हे मी स्वतःच कधीतरी घरात सांगून बसलो होतो.

मेडिकलमधले पातळ मोजे खड्यांनी पहिल्या दिवशीच फाटले. मग भांडी घासायचे गुलाबी रबरी आणले. टाकी दीड फूट खोल, मोजा एक फूट. तळाला बोट टेकलं की वरून पाणी आत. हात बाहेर काढला तेव्हा पाचही बोटं टम्म फुगून लोंबत होती, धार काढायला आलेल्या म्हशीसारखी.

त्या म्हशीनेच रस्ता दाखवला. गुरांच्या औषधांच्या दुकानात खांद्यापर्यंतचे मोजे मिळतात. म्हैस गाभण आहे का हे तपासताना डॉक्टर घालतात, ते. सुटे देत नाहीत, शंभराचं खोकं. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "कितवं वेत?" मी म्हटलं, "मासे आहेत." त्याने पैसे घेतले आणि मालाची पावती करताना दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मोजा खांद्याला बायकोच्या साडीच्या पिनेने लावून मी टाकीत वाकलो होतो, तेवढ्यात शेजारचे अण्णा दारात. बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "भो, म्हैस कोठे शे?"

नवा पंप शेवटी उन्हातच जाऊन आणला. मोजे उरले अठ्ठ्याण्णव. जूनमध्ये कैरीच्या लोणच्याला तिखट-मोहरी कालवताना बायकोने एक घातला. हाताची आग नाही, कोपराला तेल नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांकडच्या काकू बरणी घेऊन आल्या.

"ते म्हशीचे मोजे आहेत ना अजून? दोन द्या."

तिसरा पंप परत माळ्यावर ठेवला आहे. कधी लागलाच तर.