‘पंप फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि माहेरहून. मजकूर असा की, दम्याचा पंप (इनहेलर) म्हणजे स्टेरॉइड, त्याने मुलांची वाढ खुंटते, त्याची सवय लागते. त्यापेक्षा अडुळसा, आलं, हळद आणि मधाचा काढा 40 दिवस द्या, दमा मुळासकट जाईल. मधे धाप लागलीच तर गरम पाण्याची वाफ द्यायची.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. माझ्या मुलाला चौथ्या वर्षापासून दमा आहे, आता तो बारा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच सल्ल्यावर विसंबून मी त्याचा पंप बंद केला होता. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पंप म्हणजे स्टेरॉइड.’ पंप दोन तऱ्हेचे असतात आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते एकत्र करून टाकले आहेत. धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं, ते स्टेरॉइड नाहीच. श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं आणि चार-सहा तास टिकतं. रोज घ्यायचा दुसरा पंप बुडेसोनाइडसारख्या औषधाचा. ते स्टेरॉइड खरं, पण ते नळीच्या आतली सूज उतरवतं, आणि दम्याचं मूळ दुखणं ती सूजच आहे.

पंपाला घाबरून ‘त्यापेक्षा गोळीच द्या’ म्हणणारे पालक मी दवाखान्यात अनेकदा पाहिलेत. त्यांनी हा हिशेब पाहावा. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये, म्हणजे पंप एकदा दाबल्यावर, 100 मायक्रोग्राम औषध असतं आणि त्याच औषधाच्या 4 मिलिग्रामच्या गोळीत 4000. म्हणजे एका गोळीत चाळीस पफ, आणि तेही पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर. पंपातलं थोडकं औषध जिथे हवं तिथे, फुप्फुसात उतरतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांची आणि पंपाची गोष्टही तशीच.

रोजच्या पंपाचे तोटे आहेत, ते मी लपवणार नाही. तोंडात पांढरा बुरशीचा थर येऊ शकतो, आवाज बसतो. म्हणून स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावायचा आणि नंतर खळखळून चूळ भरायची. वाढीबद्दलही मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे: लहानपणी वर्षानुवर्षं बुडेसोनाइड घेतलेल्यांच्या उंचीत मोठेपणी सुमारे एक सेंटिमीटरचा फरक दिसला आहे. तो एक सेंटिमीटर मला मान्य आहे. रात्र रात्र बसून काढणाऱ्या मुलाची वाढ कशी होते, ते मी पाहिलं आहे.

‘सवय लागते.’ रोजच्या पंपाची तलफ येत नाही. तो सोडला की दबलेली सूज परत वर येते, एवढंच. निळा पंप मात्र पुन्हा पुन्हा लागत असेल, 200 पफचे तीन किंवा जास्त डबे वर्षात संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे जावं. 2019 पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसत्या निळ्या पंपावर राहू नका.

‘काढ्याने मुळासकट जातो.’ अडुळशाला मी नावं ठेवत नाही. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन तयार झालं. पण ते कफ पातळ करतं, श्वासनळीची सूज उतरवत नाही. आणि ज्या आयुर्वेदाच्या नावाने हा मेसेज फिरतो, तो काय म्हणतो? चरकाने तमकश्वासाला, म्हणजे दम्याला, ‘याप्य’ म्हटलंय. नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी उपचार चालू ठेवून सांभाळायचा आजार. याप्य रोगाच्या उपचाराला सुश्रुताने उपमा दिली आहे ती कोसळत्या घराला लावलेल्या टेकूची.

तो टेकू मी काढला होता. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, कारण स्टेरॉइडचा परिणाम हळूहळू ओसरतो. आम्हाला वाटलं, काढा लागू पडला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग एका रात्री दोन वाजता तो उठून बसला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, ‘आई, पाणी’ एवढंही त्याला एका श्वासात म्हणता येईना. नेब्युलायझर, ऑक्सिजन, तीन दिवस हॉस्पिटल.

काढ्याहून भीती वाटते ती लेबल नसलेल्या पुड्यांची. ज्या पुडीने ‘दोन दिवसांत फरक’ पडतो, तशा पुड्यांत छुपं स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. दमा बरा करतो असा दावा औषधाला करता येऊ नये, म्हणून देशाच्या औषध नियमांतल्या ‘शेड्यूल जे’ या यादीत दमा घातलेला आहे.

आमच्या घरी आलं-मध आजही आहे (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको). प्राणायामही आहे, त्याने थोडं बरं वाटतं असं अभ्यासही सांगतात. धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद केली. बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकणं थांबवलं. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटून घेतो. या गवताची भारतातली ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्याचे पराग दम्याला चाळवतात. हे सगळं पंपाच्या जोडीला.

राहिली वाफ. संपूर्ण मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला आहे. वाफेने आवळलेली नळी उघडत नाही, गरम दमट हवेने उलट खोकला उसळू शकतो, पातेलं कलंडून मुलं भाजतात, आणि मोलाची मिनिटं जातात. धाप लागली की मुलाला ताठ बसवा. स्पेसरमधून निळ्या पंपाचा एक पफ द्या, चार-पाच श्वास घेऊ द्या, मग पुढचा. असे चार पफ देऊनही फरक नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा वाक्य पुरं होत नसेल, तर 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा.