मत मांडा, दोनशे शब्दांत

दर मंगळवारी मला एक मत लागायचं. ताजं, स्वतःचं आणि दोनशे शब्दांचं.

नववीत आमच्या सरांनी 'प्रतिक्रिया वही' नावाचा प्रकार काढला. आठवड्यातली एक घडामोड निवडायची, तिच्यावर वर्तमानपत्राच्या संपादकीय पानात आलेला निदान एक लेख वाचायचा आणि खाली आपली प्रतिक्रिया लिहायची. शाळा तेव्हा मोबाइलमध्ये भरत होती, त्यामुळे वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवायचा. 'नेटवर्क नव्हतं' हे कारण सरांनी आधीच बाद केलेलं.

तोपर्यंत वर्तमानपत्रातला माझा प्रवास खेळाच्या पानावर सुरू होऊन शब्दकोड्यात संपत असे. मधलं पान बाबांचं. त्यात चित्रं जवळजवळ नाहीत, आणि असलंच तर लेखकाचं, तेही हनुवटीला हात लावलेलं. एका बाजूला अग्रलेख. त्याच्यावर कुणाचंच नाव नसतं, त्यामुळे चिडायचं कुणावर ते कळत नाही. त्याखाली स्फुट, मग वाचकांची पत्रं, आणि शेजारच्या लेखाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'लेखातील मते लेखकाची वैयक्तिक आहेत'. ही सोय मला फार आवडली. मीही वहीत लिहून टाकलं, 'वरील मते विद्यार्थ्याची वैयक्तिक असून पालक त्यांच्याशी सहमत असतीलच असे नाही.' सरांनी त्याखाली पालकांची सही मागवली.

लेख वाचायला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती 'तथापि'ला. लेखाचा पहिला अर्धा भाग वाचून माझं मत पक्कं होत आलेलं असायचं, तेवढ्यात 'तथापि' यायचा आणि लेखक तितक्याच ठामपणे उलट दिशेला चालू लागायचा. परीक्षा रद्द कराव्यात असा लेख आला की मी लगेच तयार. (या विषयावर माझा अभ्यास जुना आहे.) पण पलीकडच्या रकान्यात दुसऱ्या कुणीतरी परीक्षेवाचून गुणवत्ता कशी टिकणार नाही ते सिद्ध केलेलं असे, आणि तेही इतक्या सभ्य भाषेत की मान डोलवल्याशिवाय गत्यंतर नाही. दोघेही तज्ज्ञ, दोघांच्या मागे पुस्तकांची कपाटं. मी दोघांनाही शंभर-शंभर शब्द दिले. सरांचा शेरा आला, 'दोन्ही बाजू छान. तू कुठे आहेस?'

मी रकान्यांच्या मधल्या रेघेवर होतो, पण ते लिहून गुण मिळत नाहीत.

एकदा बाबांची मदत घेतली. बाबांकडे मतांचा तुटवडा कधीच नसतो. बातमी पुरती वाचून होण्याआधीच मत तयार असतं. त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं आणि मी बसून लिहिलं. त्यात 'आमच्या वेळी' दोनदा आणि 'या लोकांना चाबकाने' एकदा आलं होतं. शेरा: 'हे मत तुझं वाटत नाही. बाबांना नमस्कार सांग.'

मग 2021 चा मार्च उजाडला आणि 'एव्हर गिव्हन' नावाचं मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. चारशे मीटर लांब जहाज, वाऱ्याचा जोर, नाळ एका काठात रुतलेली आणि मागचं टोक दुसऱ्या काठाला. मला मनापासून आनंद झाला. इतकी समजायला सोपी जागतिक घडामोड मी तोवर पाहिलीच नव्हती. चित्र बघितलं की प्रश्न कळतो! शिवाय ते 23 तारखेला अडकलं, म्हणजे मंगळवारी. वही नुकतीच पाठवून झालेली. हातात अख्खा आठवडा.

संपादकीय पानांनाही माझ्याइतकाच आनंद झाला असावा. जगाच्या व्यापाराचा सुमारे बारा टक्के भाग या एका कालव्यातून जातो, मागे शेकडो जहाजं खोळंबली आहेत, गोदामात साठा न ठेवता ऐनवेळी माल मागवण्याची पद्धत किती ठिसूळ आहे, जागतिकीकरणाने आत्मपरीक्षण कसं करावं, असं सगळं आलं. मी सगळं वाचलं. आफ्रिकेला वळसा घालून जावं हा उपाय कुणीतरी सुचवला होता. 1869 मध्ये कालवा सुरू होण्याआधी सगळे तसेच जायचे, वास्को द गामा तर 1498 मध्ये तसाच आला, आणि त्याने वाटेत उशीर झाल्याची तक्रार केल्याचं आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही, असा मुद्दा मी स्वतः काढला. जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय आहेत, हेही घातलं, कारण सरांना 'आपल्याशी असलेला संबंध' लागतो. टिळकांनी 1897 मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलं होतं, हे बाबा वर्षातून चारदा तरी सांगतात. त्या धर्तीवर मी मथळा दिला, 'जहाजाचे डोके ठिकाणावर आहे काय?' एकशे ब्याण्णव शब्द झाले. शेवट तेवढा राहिला होता: 'ही कोंडी कधी फुटेल हे काळच ठरवेल.'

काळाने सोमवारी ठरवलं. 29 तारखेला जहाज सुटलं. वही द्यायला एक रात्र उरलेली असताना!

आणि सुटलं कसं, तर टगबोटी ओढत होत्या, ड्रेजर वाळू उपसत होते, हे खरंच. पण आदल्या दिवशी पौर्णिमा होती, उधाणाची भरती आली, पाणी चढलं आणि जहाज हललं. इतक्या लेखांत एकानेही चंद्राचं नाव काढलेलं मला दिसलं नव्हतं. जागतिकीकरणाने आत्मपरीक्षण करायच्या आत पंचांगाने काम उरकलं. मी सरांना फोन केला.

'सर, विषय संपला. आता काय लिहू?'

'अरे, विषय संपला म्हणून मत संपतं का?'

हे वाक्य त्यांनी बहुतेक एखाद्या अग्रलेखातून घेतलं असावं.

सरांचं खरं दैवत मात्र लोकहितवादी. ऑनलाइन तासालाही ते लोकहितवाद्यांचं नाव घेताना ताठ बसायचे. गोपाळ हरी देशमुख नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात टोपणनावाने पत्रं लिहिली, सगळ्या समाजाला धारेवर धरलं. आणि तुम्हाला आठवड्याला दोनशे शब्द जड जातात? मी शंका काढली की पत्रं एकशे आठ असून नाव 'शतपत्रे' पडलं, मग शब्दमर्यादेचं एवढं कशाला? सर म्हणाले, आधी एकशे आठ लिही. मग विचारलं, मलाही टोपणनाव चालेल का? उत्तर आलं, 'हजेरीपटावर आहे तेच चालेल.'

त्या रात्री मी पहिल्यांदाच कुणाचाही लेख न उघडता लिहिलं. सुएझवर लिहिणाऱ्या सर्व विद्वानांनी पौर्णिमेकडे केलेलं दुर्लक्ष हा मला अन्याय वाटला होता आणि तो अन्याय मी नव्वद शब्दांत मांडला. सरांनी शब्द कमी म्हणून एक गुण कापला आणि, का कोण जाणे, तेच पान मला वाचकांच्या पत्रव्यवहाराला पाठवायला लावलं.

ते छापून आलं. नव्वदातले चाळीसच, आणि वास्को द गामा पुन्हा घुसवला होता तो संपादकांनी काढून टाकलेला, पण आलं. घरात मी कुणाला काही बोललो नव्हतो. बाबा नेहमीप्रमाणे चहाबरोबर मधलं पान घेऊन बसले आणि पत्रं मोठ्याने वाचू लागले, कारण त्याखेरीज त्यांना खोडता येत नाही.

'हे बघा! म्हणे चंद्राने जहाज काढलं. अरे, मग यंत्रं काय आरती करायला उभी होती? पत्रं निवडतं कोण? कुणीही उठतो आणि...'

पत्राखाली नाव असतं. ते वाचायला त्यांना अजून दोन ओळी लागल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी वर्तमानपत्राच्या पलीकडच्या बाजूची, खेळाच्या पानावरची धावसंख्या अतिशय मन लावून वाचत होतो.

'एका नावाची माणसं पुष्कळ असतात,' बाबा म्हणाले.

'शाळेचं नावही आहे खाली,' आई म्हणाली.

बाबांनी चष्मा पुसला, पत्र पुन्हा एकदा, या वेळी मनात वाचलं आणि घसा खाकरला.

'तथापि,' ते म्हणाले, 'भाषा बरी आहे.'