दिवाणी दाव्याला मुदतच नसते, असं कोण म्हणतं?

जलद न्याय हा फक्त फौजदारी आरोपीचा हक्क. दिवाणी दावा कितीही वर्षं चालो, कायद्यात त्याला मुदत नाही. आणि खिशात पैसा नसेल तर कोर्टाची पायरी चढूच नका. अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. वैतागातून आला असेल, पण तीनही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिली. जलद न्यायाचा हक्क मान्य करणाऱ्या १९७९च्या हुसैनआरा खातून प्रकरणात प्रश्न कच्च्या कैद्यांचा होता, म्हणून हा समज रुजला असावा. पण २०१६ साली अनिता कुशवाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने न्याय मिळवण्याची वाट अनुच्छेद १४ आणि २१ खाली आणली. ती वाट अंतराने आणि खर्चाने आवाक्यातली हवी आणि निवाडा लवकर व्हायला हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दिवाणी पक्षकाराला त्यातून वगळलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त घातक. दिवाणी प्रक्रिया संहितेत मुदती आहेत. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, फार तर ९० दिवस. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. ‘वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे कारण संहितेच्या आदेश १७ मध्ये नाव घेऊन नाकारलंय. या मुदती पोलादी नाहीत, हेही खरं: अपवादात्मक परिस्थितीत सूट देता येते, असं २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं. व्यवहारात तो अपवादच रोजची रीत झाला. रोजनामा, म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, काढून बघा: मुदत वाढवून मागणारा अर्ज, मंजूर, पुढील तारीख. त्या अर्जावर आपल्या वकिलाने हरकत लिहिली होती का? कलम ३५-ब खाली उशिराबद्दल समोरच्याकडून खर्चाची मागणी केली होती का? त्या कलमाखाली लावलेला खर्च भरल्याशिवाय समोरच्याला आपली बाजू पुढे चालवता येत नाही. जागेच्या दाव्यात ताबा ज्याच्याकडे आहे त्याला प्रत्येक तारीख फायद्याची, आणि ‘मुदतच नसते’ हा समज त्याच्या पथ्यावर पडतो.

पैशाचं थोडक्यात. स्टॅम्प, म्हणजे कोर्ट फी, भरण्याची ऐपत नसेल तर आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा लावता येतो. १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

त्या मजकुराने खरं दुखणं मात्र सोडूनच दिलं: दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. हुकूमनामा (निकालाचा आदेश) हातात पडतो आणि अंमलबजावणीसाठी दुसरी लढाई सुरू होते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, मुदत वाढवायची तर कारण लेखी नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावलं. २०२५ मध्ये तेच पुन्हा सांगावं लागलं.