वावर जागेवर, सातबारा गायब

पेन ड्राइव्ह साफ करायचा होता. एवढंच. बाहेर नागपूरचा मे, घरात धडधडणारा कूलर, आणि मी बनियनवर बसून काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ला, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, हुकूम सोडतोय. यादीत डिस्क 1 आणि डिस्क 2. पेन ड्राइव्ह होता 2. लेकीचं बारसं, सासऱ्यांची साठी, बारा वर्षांचे फोटो असलेली 1 टीबीची हार्ड डिस्क होती 1. मी 1 निवडली आणि ‘क्लीन’ लिहून एंटर मारलं.

साधी फाइल उडवताना कॉम्प्युटर दहादा विचारतो, नक्की ना? इथे चकार शब्द नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ‘डिस्क यशस्वीपणे साफ’ असा निरोप. एवढी झटपट सफाई आमच्याकडे दिवाळीलाही झालेली नाही. जाऊन बघतो तर अख्खी डिस्क ‘अनअलोकेटेड’. गायरान!

चहापर्यंत मी बायकोपासून लपवलं. पण मी न सांगता भांडी घासायला घेतली, तिथेच फसलो.

मग सल्लागार जमले. शेजारचे भाऊ म्हणाले, “काऊन बे, रिसायकल बिन पाह्यलं का?” ते नाही म्हटल्यावर, “फ्रीजरमंदी ठेव रातभर. माह्या साळ्यानं ठेवली होती.” साळ्याची डिस्क पुढे चालली का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पारा 45च्या पुढे होता. फ्रीजरवर पहिला हक्क माझा होता. बर्डीवरच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, “घेऊन या, फॉर्मॅट मारून देतो, नव्यासारखी चालेल.”

शेवटी आईला समजावत बसलो. डेटा कुठेही गेलेला नाही. या डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांत 64 बाइटांचा एक तक्ता असतो, चार नोंदींचा. कोणता भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून सुरू, केवढा लांब, एवढंच त्यात. तो पुसला गेला.

आई म्हणाली, “म्हणजे वावर जागेवरच हाये, सातबारा हरपला.”

मी गप्प. दुपारभर इंटरनेटवर डोकं फोडून मला जे कळलं, ते हिने एका वाक्यात संपवलं. वर म्हणाली, “मंग त्याच्यात कोणाले पेरू देऊ नोको.” डेटा परत मिळवण्याचा पहिला नियम हाच! त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही. काटोलकडच्या धुऱ्याच्या भांडणात तिचं अर्धं आयुष्य गेलंय, ते असं कामी आलं.

क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाचा ‘टेस्टडिस्क’ हा फुकट प्रोग्रॅम मी लॅपटॉपवरच उतरवला. हा खरा मोजणीदार. कागद विचारत नाही, सरळ वावरात उतरून धुऱ्याचे दगड शोधतो. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-मांडणीवाले त्यांच्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या पहिल्या तुकड्याची, एक नक्कल पार्टिशनच्या शेवटीही ठेवतात, म्हणजे दगड दोन्ही टोकांना. ‘क्विक सर्च’मध्ये एक पार्टिशन सापडलं, फोटोंचं नाही. मग ‘डीपर सर्च’. टक्के गोगलगायीसारखे सरकायला लागले आणि 12 वर असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला, कूलर नाही. बायको पेपरची घडी घेऊन वारा घालायला बसली. डिस्कला. लग्नाला चौदा वर्षं झाली, असा वारा मला एकदाही मिळालेला नाही.

पहाटे दुसरं पार्टिशन यादीत आलं. ‘पी’ दाबला आणि आतली फोल्डरं दिसली. बारसं. साठी. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर 2’. ‘फायनल’, ‘फायनल फायनल’. आता फक्त ‘राइट’. तर हा बेटा विचारतो, तक्ता लिहायचा, नक्की? वाय की एन? बुडवणाऱ्याने विचारलं नाही, तारणारा विचारतोय! माझं बोट हवेतच राहिलं. ‘वाय’ बायकोने दाबला.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला, फोटो उघडून बघितले आणि आईला हाक मारली, “सापडला गं सातबारा.”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “मंग फेरफार करून माह्या नावानं चढव. तुह्या हाती काई राहत नाई.”